मलिक अंबरचे शब्द कुठे आहेत?

शेगावच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी'वर तास चालू होता. १८७३ चा हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला आहे, हे सांगून मी फ्रेडरिक डग्लसकडे वळलो. तेवढ्यात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आफ्रिकन गुलाम तर आपल्याकडेही राज्यकर्ता झाला. मग मलिक अंबर सोडून अमेरिकेला कशाला जायचे?"

प्रश्न रास्त होता. अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियातला. मूळ नाव चापू. बाजारामागून बाजार पाहत तो बगदादमार्गे दख्खनला आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही एकेकाळचा गुलामच. तो वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तरी अंबरने निजामशाही पुढे पाव शतक उभी ठेवली. १६१० मध्ये खडकी वसवून तिथे नहरीने पाणी आणले. आमच्या जिल्ह्यातील सिंदखेडचे लखुजी जाधव निजामशाहीचे मोठे सरदार. पुढे ते मोगलांना मिळाले. तरीही १६२४ मध्ये भातवडीला अंबरने मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांना धूळ चारली. १६२६ मध्ये तो वारला.

पण हे आपल्याला सांगितले कोणी? तवारिखकारांनी, परदेशी व्यापाऱ्यांनी आणि शत्रूने. जहांगीराने आत्मचरित्रात त्याला काळ्या रंगावरून हिणवले. दरबारी चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके त्याच्या हाती कधीच लागले नाही. रणात साधले नाही ते त्याने कागदावर साधून घेतले. या कागदाला अंबरचे उत्तर नाही. बाजारात उभ्या केलेल्या पोराला काय वाटले, हे त्याच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेच नाही. तो वर गेला. गुलामांचा बाजार चालूच राहिला.

डग्लसकडे फौज नव्हती. १८३८ मध्ये तो मालकाकडून पळाला. त्याचे बोलणे इतके सफाईदार, की हा गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसेना. म्हणून १८४५ मध्ये त्याने मालकाच्या नावागावासकट आत्मकथा लिहिली. पुन्हा पकडले जाण्याचा धोका पत्करून लिहिली. त्यामुळे ते पुस्तक एका माणसाचे चरित्र न राहता साऱ्या व्यवस्थेवरचे आरोपपत्र झाले. आपल्याकडे दहाच वर्षांनी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीने 'ज्ञानोदया'त महारमांगांचे दुःख मांडले. १९७८ चे दया पवारांचे 'बलुतं' त्याच वाटेवरचे. दलित आत्मकथनांना 'तेच तेच रडगाणे' म्हणणाऱ्या समीक्षकांनी अंबरच्या मुंडक्याचे चित्र एकदा पाहावे. आपण लिहिले नाही, तर आपले चित्र कोण काढतो ते कळेल.

माझे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. त्यांची मला माहीत असलेली लेखी नोंद एकच: सावकाराच्या वहीतला अंगठा. त्या वहीत माझा बाप फक्त कर्जदार आहे. त्याने पाठीवर वाहिलेल्या गाठी तिथे नाहीत, मला शाळेत घालताना त्याने केलेला हट्टही नाही.

त्या विद्यार्थ्याला मी म्हटले, खुलताबादला अंबरची कबर आहे, ती जरूर पाहून ये. पण आधी तुझ्या आजीजवळ वही घेऊन बस. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिही.