सार्वत्रिक आरोग्यविमा : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होते, हिंगोली नव्हते. हिंगोलीस ती नोव्हेंबर २०१३ मध्ये लाभली. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या या योजनेत शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यास केवळ चौदा संकटग्रस्त जिल्ह्यांत, सातबाऱ्याच्या आधारे, प्रवेश होता. हिंगोली त्यांपैकी एक. म्हणजे एकाच गावात शुभ्र शिधापत्रिकेचा भूधारक पात्र, आणि तशाच शिधापत्रिकेचा भूमिहीन दुकानदार अपात्र! २०२३ च्या शासननिर्णयाने ही विसंगती पुसली, हे त्याचे निर्विवाद श्रेय होय.

तथापि 'सार्वत्रिक' हे विशेषण लाभार्थ्यांपुरतेच खरे आहे. विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या, सूचीतील उपचारांचे मूल्य देतो. सेनगाव तालुक्यातील मधुमेह्याची रोजची गोळी तीत बसत नाही. गोळीवाचून मूत्रपिंड निकामी झाले, म्हणजे डायलिसिस मात्र बसते. भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक केंद्रावर दिलेला भर ध्यानी घेता, १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय आम्हांस विम्याहून मोलाचा वाटतो. गोळी तेथे शिल्लक असली पाहिजे, एवढेच.