कियांतीची पांढरी वाट

तस्कनीतली जुनी गावं उंचावर, तटबंदीच्या आत, खालून येणाऱ्यावर नजर ठेवून वसलेली आहेत. गायोले इन कियांती मात्र दरीत आहे, कारण ते बाजाराचं गाव. भोवतालच्या टेकड्यांवर वेर्तीने, बार्बिस्क्यो, स्पाल्तेन्ना अशी ठाणी होती. तिथली माणसं धान्य, तेल, वाइन घेऊन खाली उतरायची आणि बाजार उरकून पुन्हा वर चढायची. सायकलवरून निघालेल्याला हे कुणी सांगावं लागत नाही. गायोलेतून कुठल्याही दिशेला निघा, थोड्याच वेळात चढ लागतो आणि चढाच्या टोकाला बहुधा एखादा किल्ला असतो. इथला इतिहास आधी पोटऱ्यांना कळतो.

या प्रदेशातल्या सगळ्या वाटांमध्ये मला प्रिय आहे ती गायोलेहून ब्रोलिओकडे जाणारी वाट. पहिला टप्पा डांबरी आहे. मेलेतोचा किल्ला लागतो, दोन गोल बुरुजांचा. लढाईसाठी बांधलेल्या त्या भिंतींच्या आत अठराव्या शतकात कुणाला तरी छोटंसं नाट्यगृह उभारावंसं वाटलं, आणि ते अजून आहे. पुढे ब्रोलिओच्या पायथ्याशी डांबर संपतं. तिथून वर जातो तो पांढरा रस्ता, इटालियन भाषेतला ‘स्त्रादा बियांका’. चुनखडीची बारीक खडी दाबून केलेला, दोन्ही बाजूंना सायप्रसची उंच, सडपातळ झाडं.

खडी लागली की सायकल चालवण्याची रीतच बदलते, आणि या वाटेचा खरा रस इथे सुरू होतो. डांबरावर चढ आला की उभं राहून पेडल मारता येतं. खडीवर उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो, चाक जागीच फिरतं. म्हणून सीटवर बसूनच, एका लयीत चढावं लागतं. उतारावर वळणात पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, वेग वळणाआधीच मोडायचा. म्हणजे रस्ता दहा-पंधरा मीटर पुढे वाचत राहावा लागतो: भुसभुशीत खडी कुठे साठली आहे, चाकोरी कुठे घट्ट आहे, आडव्या वळ्या कुठे पडल्या आहेत. वेग आपोआप उतरतो, आणि उतरलेल्या वेगात द्राक्षमळ्याच्या ओळी, ऑलिव्हच्या बुंध्यांची पिळवट, दगडी घराच्या बंद खिडक्या एकेक करून दिसू लागतात.

वर पोचल्यावर समोर येतो ब्रोलिओ. 1141पासून हा किल्ला रिकासोली घराण्याकडे आहे. हे घराणं फ्लॉरेन्सच्या बाजूचं, आणि तटावर उभं राहिलं की नैर्ऋत्येला, हवा स्वच्छ असेल तर, सिएनाचे मनोरे दिसतात. सिएना म्हणजे शत्रू. दोन शहरांमधलं हे वैर शतकानुशतकं चाललं. 1478च्या युद्धात ब्रोलिओची पार दुर्दशा झाली, मग फ्लॉरेन्सने तो पुन्हा बांधला. 1555मध्ये सिएना पडलं तेव्हा कुठे ही सीमा थंडावली. आज ज्या रस्त्यावर सायकलच्या चाकाखाली खडी करकरते तेवढाच आवाज असतो, तो कित्येक पिढ्या आघाडीवरचा रस्ता होता. किल्ल्याच्या आतला लाल विटांचा वाडा मात्र एकोणिसाव्या शतकातला, बेत्तिनो रिकासोलीने उभारलेला. हा माणूस एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान, आणि कियांती वाइनमध्ये कोणती द्राक्षं कशासाठी असावीत हे 1872 साली लिहून ठेवणाराही तोच. फ्लॉरेन्सशी इमान राखलेल्या घराण्याने आपला वाडा बांधताना सिएनाच्या गॉथिक वळणाची वीट निवडली, ही गोष्ट मला त्या वाड्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

सीमेची एक दंतकथा पश्चिमेकडच्या फोंतेरुतोली गावात भेटते. भांडण मिटवायला दोन्ही शहरांनी ठरवलं म्हणे, की कोंबडा आरवला की आपापल्या वेशीतून एकेक स्वार निघेल आणि दोघं जिथे भेटतील तिथे सीमा. सिएनाने पांढरा कोंबडा चांगला खाऊपिऊ घालून ठेवला. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा उपाशी ठेवला. तो भुकेने पहाटेच्या कितीतरी आधी ओरडला, फ्लॉरेन्सचा स्वार लवकर सुटला आणि दोघांची गाठ सिएनाच्या जवळ, फोंतेरुतोलीपाशी पडली. कियांती क्लासिकोच्या बाटलीवर आजही काळा कोंबडा असतो. कथा खरी नसेल, पण ज्या मुलखात अंतर हेच राजकारण होतं तिथलीच ती असू शकते.

या वाटांचं सर्वांत जुनं आणि सर्वांत चांगलं रसग्रहण एका चित्रकाराने करून ठेवलं आहे. सिएनाच्या पालाझ्झो पुब्लिकोमध्ये, जिथे शहराचा कारभार पाहणारे नऊ जण बसत त्या दालनाच्या भिंतींवर, अंब्रोजो लोरेंझेत्तीने 1338-39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं रंगवली. चांगल्या राज्याच्या भिंतीवर अर्धं शहर आहे, अर्धा ग्रामीण मुलूख, आणि दोघांच्या मधे वेस. वेशीतून रस्ता खाली उतरतो. हातावर ससाणा घेतलेले श्रीमंत स्वार उताराने बाहेर निघाले आहेत, आणि त्याच रस्त्याने गाढवांवर ओझी लादून शेतकरी वर चढत आहेत. एक जण डुक्कर हाकतो आहे, काळं, खांद्यावर पांढरा पट्टा असलेलं. ही जात सिएनाच्या परिसरात आजही पाळतात. रस्त्याच्या कडेला एक भिकारी बसला आहे. पलीकडे टेकड्यांवर पेरणी, कापणी, मळणी सगळी एकाच वेळी चाललेली, जणू वर्ष एका नजरेत मावावं.

चित्राच्या जाणकारांनी या भिंतीबद्दल भरपूर लिहिलं आहे. मला सांगायचं आहे ते त्या उताराबद्दल. लोरेंझेत्तीला सपाट रस्ता काढता आला असता. त्याने चढ काढला, आणि चढाचा भार कोणाच्या पाठीवर आहे तेही दाखवलं: उतरणारे ओझ्याविना, चढणारे ओझ्यासकट. या मुलखात रस्ता म्हणजे वर राहणारे आणि खाली राबणारे यांच्यामधला संबंध, हे त्याने ओळखलं होतं.

वेशीवर पंख असलेली एक स्त्री तरंगते आहे. ती सुरक्षा. तिच्या एका हातात लेखाची पट्टी आहे, दुसऱ्या हातात फाशीचा खांब आणि त्याला लटकलेला गुन्हेगार. तिचं आश्वासन एवढंच, की तिचं राज्य असेतो माणूस न भिता वाटेने जाईल, न भिता पेरील. समोरच्या, वाईट राज्याच्या भिंतीवर तिच्या जागी भीती आहे, हातात तलवार घेतलेली. तिच्याखालच्या रस्त्यावर सैनिक आहेत, शेतं ओसाड, आणि शहरात कामात दिसतो तो शस्त्रं घडवणारा. सिएनाने रस्त्यांची देखरेख करणारे अधिकारी तेराव्या शतकातच नेमले होते. त्यामुळे शांत रस्ता निसर्ग देत नाही, तो कारभाराने घडवावा लागतो, हे त्या दालनात बसणाऱ्या नऊ जणांना रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. भिंत पुरी झाल्यावर दहा वर्षांच्या आतच, 1348ला, प्लेग आला. लोरेंझेत्तीही त्यातच गेला असं मानतात.

आजची शांतता मात्र पुरती त्या स्त्रीची देणगी नाही. हे पांढरे रस्ते म्हणजे मुळात शेतघरांना जोडणाऱ्या वाटा. इथली शेती शतकानुशतकं अर्धेलीने चालली: जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं, पीक निम्मं-निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबं कारखान्यांकडे, शहरांकडे निघून गेली. 1964च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करारच बंद झाले, पण घरं त्याआधीच रिकामी होऊ लागली होती. दोन-दोन किलोमीटरवर जी देखणी दगडी घरं दिसतात, त्यांतली बरीच अशी सुटलेली आणि नंतर परक्यांनी घेऊन दुरुस्त केलेली आहेत. रस्त्यावर गाडी येत नाही याचा आनंद घेताना, इथून कोण गेलं हे माहीत असावं असं मला वाटतं. त्याने आनंद कमी होत नाही, पण त्याला खोली येते.

माणसं गेली की रस्त्यांचं दोहोंपैकी एक होतं, रान तरी माजतं नाहीतर डांबर तरी पडतं. कियांतीत तिसरी गोष्ट घडली. 1997 साली जानकार्लो ब्रोची यांनी गायोलेहून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी 92 जण आले. एक हेतू होता, पांढरे रस्ते पांढरेच राहावेत. नियमही तसाच: सायकल 1987च्या आधीची, गिअरच्या कळा फ्रेमच्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा उघड्या. हा नियम पोशाखी हौस वाटेल, पण खडीवर त्याचा अर्थ उलगडतो. अशा सायकलवर गिअर बदलायला हँडलवरचा एक हात काढून खाली न्यावा लागतो, आणि सैल खडीच्या चढात हात काढणं धोक्याचं. म्हणून चढ सुरू होण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो. जुनी सायकल रस्ता वाचायला भाग पाडते. ऑक्टोबरमध्ये, अजून अंधार असताना, ब्रोलिओच्या त्या सायप्रसच्या रांगेत दिवे लावलेले असतात आणि शेकडो माणसं हळूहळू चढत असतात. वाटेत थांब्यांवर भाजी, घेवडा आणि शिळ्या पावाचं रिबोलीता नावाचं दाट सार मिळतं. ते अर्धेलीच्या घरातलंच खाणं आहे.

लेरोइकाचा सर्वांत लांब पल्ला 209 किलोमीटरचा आहे. फेरीचा दिवस नसला तरी हा मार्ग खुणेच्या पाट्यांवरून वर्षभर करता येतो, आणि माझं मत विचाराल तर तो दोन-तीन दिवसांत, गर्दीविना करावा. कारण सिएनाच्या दक्षिणेला वाटेची भाषाच बदलते. कियांतीची दाट हिरवाई संपून क्रेते सेनेसी सुरू होते: फिकट राखाडी चिकणमातीच्या उघड्या टेकड्या, कधीकाळी समुद्राचा तळ असलेल्या. गर्द झाडी नाही, वळणावळणाने चढउतार करणारी एक पांढरी रेघ तेवढी. आश्यानोच्या पुढचा मोंते सांते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा टप्पा तर पूर्ण खडीचा. 2007पासून चालू असलेल्या ‘स्त्रादे बियांके’ या व्यावसायिक शर्यतीचा निकाल पुष्कळदा इथेच लागतो. ती तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेल्लाराचं नाव या टप्प्याला दिलं आहे. एप्रिल-मेमध्ये इथे कोवळा गहू असतो, जुलै-ऑगस्टमध्ये नुसती तापलेली माती. टायर रुंद घ्यावेत, त्यांत हवा थोडी कमी ठेवावी, आणि पाणी आश्यानोतच भरून घ्यावं.