आकाशातला ड्रोन आणि कुरणातली शाळा

शाळेत ड्रोन आणण्याची चर्चा निघाली की 'कृतीतून शिक्षण' हा शब्द हमखास येतो. माझा आक्षेप ड्रोनला नाही, या शब्दाच्या सैल वापराला आहे. बाहेरून आलेला प्रशिक्षक यंत्र उडवतो, मुले माना वर करून पाहतात. यात कृती प्रशिक्षकाची. मुलांच्या वाट्याला येते ते फक्त पाहणे.

इगतपुरी तालुक्यात हा प्रश्न अधिक बोचतो. भाम धरणाने विस्थापित झालेल्या दरेवाडीची मुले ऑक्टोबर २०२२ मध्ये शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती. शाळा बंद करणार असाल तर दप्तरे घ्या आणि वळायला शेळ्या द्या, असे त्यांचे म्हणणे होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला याच्या नेमके उलट केले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. शैक्षणिक साधनाची कसोटी मला इथे सापडते : ते मुलाच्या जगण्याकडे जाते, की मुलाला प्रेक्षक करते?

या कसोटीवर ड्रोन उतरू शकतो. त्याचे दोन पंखे एका दिशेने आणि दोन उलट दिशेने फिरतात. सगळे एकाच दिशेने फिरले तर धडच गरगरेल. हे सांगण्यापेक्षा मुलांनी पंखे खोलून, पुन्हा बसवून पाहावे. उंची दुप्पट केली की छायाचित्रात मावणारे क्षेत्र चौपट होते. ते पटण्यासाठी मैदान आधी दोरीने मोजलेले हवे. २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. उड्डाणाला मनाई असलेले क्षेत्र मात्र आधी नकाशावर पाहावे लागते. घाटमाथ्यावरचा पाऊस चार महिने उड्डाण होऊ देणार नाही. तो काळ जोडणीचा आणि गणिताचा. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हीच रीत रुजवली : हाताने काम करावे आणि त्या कामातूनच विज्ञान शिकावे.

आणखी एक कारण अधिक निकडीचे आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते आणि त्यावरून मिळकत पत्रिका तयार होतात. म्हणजे ड्रोन शाळेत येवो न येवो, घराची हद्द ठरवायला तो गावात येतोच. तो नकाशा वाचता येणे, त्यातली चूक दाखवता येणे, ही आजची साक्षरता आहे.

अर्थात वरून काढलेल्या चित्रात धरणाचे पाणी दिसते. त्या पाण्याखाली कोणाचे अंगण होते, ते दिसत नाही. ते आजीला विचारून मुलांनीच नकाशावर लिहायचे असते. पण त्यासाठी वस्तीवर शाळा असावी लागते आणि शाळेत शिक्षक. हे दोन्ही नसताना केलेली ड्रोनखरेदी मी शिक्षणखर्चात धरणार नाही.