दोष गुगलचा की आयत्या उत्तराचा?

सारे काही गुगलवर सापडते, म्हणून मुले आता काहीच लक्षात ठेवत नाहीत, अशी तक्रार शिक्षकांच्या बैठकीत हमखास निघते. तिला शास्त्रीय आधार म्हणून एका शोधनिबंधाचा दाखला दिला जातो. बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांचा हा निबंध २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'गुगल परिणाम' हा शब्दप्रयोग त्यावरूनच रूढ झाला. निबंध महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या नावावर जो निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो, तो त्यात खरोखर आहे का, हे तपासून पाहायला हवे.

प्रयोग काय होते?

निबंधात चार प्रयोग आहेत. त्यांतील दुसरा सर्वांत गाजला. विद्यार्थ्यांना सामान्य ज्ञानाची ४० विधाने वाचून संगणकावर टाइप करायला दिली. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, अशा प्रकारची ती विधाने होती. निम्म्यांना सांगितले, की तुमचा मजकूर संगणकात जपून ठेवला जाईल. उरलेल्यांना सांगितले, की तो पुसला जाईल. मग आठवेल तेवढे लिहायला लावले. 'पुसले जाईल' असे समजणाऱ्यांना अधिक विधाने आठवली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या प्रयोगात कोणी इंटरनेटवर काही शोधलेच नाही. छापील पुस्तकाशी तुलनाही केलेली नाही. माहिती पुन्हा मिळणार असा भरवसा असला, की माणूस ती डोक्यात साठवण्याचे श्रम कमी घेतो, एवढेच त्यातून दिसते. असा भरवसा वहीसुद्धा देते. फळ्यावरचे उतरवून घेतले की अभ्यास झाला असे मानणारे विद्यार्थी मोबाईल येण्यापूर्वीही प्रत्येक वर्गात होतेच.

वेग्नर यांनी हा विचार गुगलचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी, १९८५ मध्ये, माणसांच्या संदर्भात मांडला होता. एकत्र राहणारी माणसे स्मरणाचे काम आपापसांत वाटून घेतात. नातेवाइकांची लग्नकार्ये आईला पाठ असतात, वीजबिलाची तारीख वडिलांना. कोणती गोष्ट कोणाला विचारायची एवढे ठाऊक असले की बाकीच्यांचे भागते.

फेरतपासणी

पहिल्या प्रयोगाची गोष्ट वेगळी आहे. अवघड प्रश्न समोर आला की मनात आपोआप संगणकाचा विचार येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. रंगीत अक्षरांतील शब्दांचा रंग ओळखायला किती वेळ लागतो, हे मोजून तो काढला होता. पुढे 'नेचर' आणि 'सायन्स' यांत २०१० ते २०१५ या काळात आलेले सामाजिक शास्त्रांतील २१ प्रयोग संशोधकांच्या एका गटाने पुन्हा करून पाहिले व २०१८ मध्ये निकाल जाहीर केला. १३ प्रयोगांत मूळ परिणाम दिसला, ८ मध्ये दिसला नाही. त्या आठांत हा प्रयोग होता. निबंधातील इतर प्रयोग या तपासणीत घेतलेले नव्हते, म्हणून ते खोटे ठरले असे म्हणणे चूक होईल. मात्र या एका निबंधाच्या आधारे शाळेचे धोरण ठरवणेही योग्य नाही.

कागद आणि पडदा

छापील मजकुराच्या बाजूने याहून भक्कम पुरावा आहे. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र करून, सुमारे १ लाख ७१ हजार वाचकांच्या माहितीवर आधारलेले एक विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन थोडे सरस आढळले. वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. माहितीपर मजकुरात तो दिसला, निव्वळ गोष्टीत दिसला नाही. पण येथे तुलना होती ती कागदावरचे वाचन आणि पडद्यावरचे वाचन यांची. उत्तर शोधून काढणे ही वेगळी क्रिया आहे.

मग टिकून राहते ते काय? रोडिजर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांना शास्त्रीय उतारे दिले होते. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही एकदा वाचून, मग न बघता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेले उतारे अधिक आठवले. आठवड्याने चित्र उलटले. दोनदा वाचलेल्या उताऱ्यांतील सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, तर लिहून काढलेल्यांतील ५६ टक्के. मजकूर तोच, विद्यार्थी तशाच प्रकारचे. फरक होता तो स्वतः आठवण्याच्या खटाटोपाचा.

आमचा मुद्दा येथेच आहे. मोबाईलवर आक्षेप घेताना आपण छापील गाईड आणि 'अपेक्षित' प्रश्नसंच यांना मोकळे सोडतो. गाईड हे कागदावर छापलेले आयते उत्तरच असते. मुलाने विचार करण्याआधीच उत्तर पुढे येते, मग ते पडद्यावर असो की पानावर.

इंटरनेटचा एक धोका मात्र खरा आहे. उत्तर बरोबर असूनही समज चुकू शकते. 'वनस्पती रात्री कोणता वायू सोडतात?' असे शोधले की 'कार्बन डायऑक्साइड' हे उत्तर मिळते. मूल लिहून घेते, आणि वनस्पती फक्त रात्रीच श्वसन करतात, असा समज करून बसते. श्वसन दिवसाही चालूच असते, पण भर उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा वेग अधिक असल्यामुळे ते झाकले जाते, हे आधी डोक्यात असेल तरच त्या उत्तराचा नीट अर्थ लागतो. 'सारे गुगलवर आहे, पाठ कशाला करायचे?' या प्रश्नाला हेच उत्तर आहे. मिळालेली माहिती पारखायला आपल्याजवळ थोडी तरी माहिती असावी लागते.

वर्गात काय करता येईल?

प्रश्न दिल्यावर आधी पाच मिनिटे मुलांना स्वतःचे उत्तर, चुकीचे का असेना, वहीत लिहू द्यावे. मग पुस्तक, ग्रंथालय किंवा मोबाईल, जे हाताशी असेल ते वापरू द्यावे. त्यानंतर सारे मिटवून उत्तर पुन्हा, स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगावे. आठ दिवसांनी तोच प्रश्न पूर्वसूचना न देता विचारावा. दोन तुकड्या असतील तर एका तुकडीला थेट शोधायला सांगून निकालांची तुलनाही करता येईल. यासाठी खर्च काहीच नाही. ज्या शाळेत एकच मोबाईल आहे, तेथेही हे जमण्यासारखे आहे.

आपल्या वर्गात काय आढळले, ते आम्हांला जरूर कळवा. आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध आढळले तर अगत्याने कळवा.