एक जप्त पुस्तक आणि काही अद्भुत कादंबऱ्या

एप्रिलच्या अखेरीस वर्गातले कपाट आवरीत असताना खडूंच्या डब्यामागे एक जाड पुस्तक सापडले, आणि आपण एका मुलाचे देणे लागतो याची मला आठवण झाली. दसऱ्याच्या आधी, सातवीच्या वर्गात कवितेचा तास चालू असता, एक मुलगा ते बाकाखाली धरून वाचीत होता. हा मुलगा पहाटे आईबरोबर फुले तोडायला जातो. आमच्या मुदखेडच्या शिवारातली फुले नांदेडला आणि हैदराबादेला जातात. ती उन्हे वर यायच्या आत तोडावी लागतात. त्यामुळे वर्गात त्याला पेंग आली तर मी काही बोलत नाही. पण त्या दिवशी तो टक्क जागा होता, आणि तो माझ्या कवितेसाठी नव्हे! मी पुस्तक हिसकावले, ‘असल्या भाकडकथांनी पोट भरत नसते,’ असे सुनावले आणि कपाटाला कुलूप घातले. पुस्तक होते ‘हॅरी पॉटर आणि परीस’.

ते वाक्य रागाच्या भरात निसटलेले नव्हते. माझे मतच तसे होते. शिक्षण विचाराल तर मी मॅट्रिक. शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. त्यांत दुष्काळ असतो, सावकार असतो, एक विहीर असते आणि ती हटकून कोरडी असते. ज्याला जगणे सोसवत नाही तो जादूच्या गोष्टी वाचतो, अशी माझी पक्की समजूत. तरीही प्रायश्चित्त म्हणून ते पुस्तक मी सुटीत वाचले. एकाने भागले नाही. नांदेडच्या ग्रंथालयातून, ओळखीच्यांकडून, अद्भुत म्हणून जे मिळाले ते जूनपर्यंत वाचून काढले. पुढची मते उशिरा शहाण्या होऊ लागलेल्या एका मास्तराची आहेत, एवढे ध्यानात ठेवून वाचकांनी ती घ्यावीत.

आरंभ घरापासून केला. मराठी कादंबरी लहान होती तेव्हा ती अद्भुताच्याच मांडीवर खेळत होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 सालची. खरे सांगतो, दोन्ही वाचताना मला त्या मुलापेक्षा अधिक पेंग आली. नायिकेच्या सौंदर्याचे वर्णन संपून ती एक पाऊल टाकते तोवर आमच्या स्टेशनातून आदिलाबादची गाडी निघून जावी! संकटे येतात, पण कोणाला त्यांचा ओरखडा म्हणून उठत नाही. गेलेले सगळे परत मिळते, वर व्याजही मिळते.

पण ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेशी मी थबकलो. रिसबूड तिथे प्रांजळपणे सांगतात, की आपल्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे काही नाही, ना गुण ना दोष. तेव्हा रंजक लिहायचे तर अद्भुताकडेच वळले पाहिजे. हे वाचून मी पुस्तक मिटले. हा तर माझाच विचार, फक्त उलटा नेसलेला! अद्भुत म्हणजे आयुष्याकडे पाठ, हे आम्हा दोघांनाही मान्य. त्यांनी पाठ फिरवली, मी फिरवली नाही, एवढाच फरक. पुढे 1890 मध्ये ‘करमणूक’ निघाले, त्यात हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ येऊ लागली आणि माजघरातल्या एका मुलीच्या आयुष्यात केवढे वादळ मावते ते महाराष्ट्राने पाहिले. रिसबुडांना परस्पर उत्तर मिळाले. मला मात्र कोणी दिले नव्हते.

नाथमाधवांचा ‘वीरधवल’ लहानपणी चोरून वाचला होता, तो आता राजरोस वाचला. भाषेला आज थोडा बुरा आलेला आहे, पण गोष्ट अजून धावते. हे नाथमाधव शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. त्यांचे लेखन ते त्यानंतरचे. ज्याचे पाय गेले त्याने अंथरुणावरून घोडे दौडवले. याला आयुष्यापासून पळणे म्हणावे काय? मी तरी म्हणणार नाही.

इथे मला माझे आजोबा आठवले. निजामाच्या अमदानीत त्यांचे शिक्षण उर्दूत झाले; 1948 नंतर ते मराठीत सही करू लागले, पण गोष्टी त्यांच्या डोक्यात उर्दूच राहिल्या. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड काढले, त्यांतले दोन आमच्या घरी होते. उन्हाळ्यात अंगणातल्या बाजेवर पडून ते अफ्रासियाब जादूगाराचे राज्य माहूरच्या डोंगरापलीकडे नेऊन ठेवीत, आणि अमर अय्यारच्या झोळीत सगळे जग कसे मावते ते हात पसरून दाखवीत. मी विचारी, ‘मग तो जादूगार मरत का नाही?’ आजोबा म्हणत, ‘तिलिस्म असा कुणाच्याही हातनं तुटत नसतो बाळ. तो कुणी तोडायचा ते आधी ठरलेलं असतं, अन् त्याची पाटी हुडकावी लागते.’ म्हणजे जादूलाही कायदा असतो! शेजारची बाई लोणच्यात मीठ चिमूटभर कमी पडले तर बरणी नासते म्हणते, तितकाच कडक. ‘मुक्तामाले’त मला जे खुपले ते हेच असावे. तिथे कशालाच काही पडत नाही.

आणि मग ‘स्वामी मुद्रिकांचा’. टॉल्किन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाची ही कादंबरी 1954-55 साली तीन खंडांत निघाली. मुग्धा कर्णिक यांनी ती मराठीत आणली आहे. मथळ्यातल्या ‘मुद्रिका’ या शब्दाशीच मी बराच वेळ रेंगाळलो. आपल्याकडची मुद्रिका ओळख पटवण्यासाठी असते. मारुतीने ती दाखवली तेव्हा सीतेला विश्वास आला. शकुंतलेची हरवली तेव्हा राजा तिला विसरला आणि सापडली तेव्हा त्याला आठवले. या कादंबरीतली मुद्रिका बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो! ओळख देणारी नव्हे, पुसणारी. जो ती जितकी वापरील तितका तो स्वतःला हरवून बसेल. सत्तेवर इतके सोपे आणि इतके भयंकर रूपक माझ्या वाचनात आलेले नाही. आणि माझ्या कादंबऱ्यांतले सरपंच व सभापती मी चारचारशे पाने रंगवलेले आहेत.

ती नष्ट करायला जो निघतो तो राजपुत्र नसतो. फ्रोडो हा बुटक्यांच्या गावातला खाऊनपिऊन सुखी असा गृहस्थ, आणि त्याच्याबरोबर त्याचा माळी सॅम. माळी! आमच्याकडे घरटी एक सापडावा असा. ओझे धन्याला झेपेना तेव्हा हा धन्यालाच पाठीवर घेऊन डोंगर चढतो. आणि इतके करूनही शेवटच्या क्षणी फ्रोडो हरतो. मुद्रिका टाकवत नाही, ती आपली म्हणून बोटात घालतो. काम तडीस जाते ते एका दुष्टाच्या हावेमुळे, आणि त्यात फ्रोडोचे बोट जाते. गाव वाचते, पण त्याला स्वतःला तिथे पुन्हा नांदता येत नाही. दरवर्षी ठरल्या दिवशी जुनी जखम उठते. हळब्यांच्या नायकाला हे कधी भोगावे लागले नसते.

मला सर्वांत आवडले ते पुढचे. परत येतात तो गावातली झाडे तोडलेली. सॅमला एका राणीने भेट दिलेली असते ती सोन्याची नव्हे, मातीची डबी. तो ती एकदम उधळून टाकीत नाही; नवे रोप लावील तिथे त्या मातीचा एकेक कण घालतो. ही पाने मी आमच्या शेजारच्या फूलवाल्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, ‘खत असंच टाकावं लागतंय गुरुजी. मूठभर टाकलं की मूळ जळतंय.’ यापेक्षा नेमकी समीक्षा मला साधायची नाही. दोष सांगायचा तर प्रवास फार लांबतो, आणि वंशावळ्या तर मी बेधडक गाळल्या.

अमीश यांचे ‘मेलुहाचे मृत्युंजय’ (मूळ इंग्रजी 2010) खूप खपले आहे. शंकराला तिबेटातला एक टोळीप्रमुख करण्याचे धाडस मला भावले, आणि कथा हातची सोडवत नाही हेही कबूल. पण सोमरसाने आयुष्य का वाढते ते प्राणवायूवरून समजावून सांगू लागल्यावर मी हिरमुसलो. अहो, मी कधीमधी शास्त्राचा तासही घेतो. सुटीत तो ऐकायचा नसतो. नारायण धारपांकडे उलट आहे. त्यांचे भय जुन्या वाड्याच्या जिन्यावर, कुबट वासातून, पायरीपायरीने चढत येते, आणि ते कोणी उलगडून सांगत नाही. रात्री वाचू नये, इतकेच सुचवतो.

राहिले ते जप्त पुस्तक. त्यात एक आरसा आहे. जो समोर उभा राहील त्याला त्याच्या मनातली सर्वांत खोल इच्छा त्यात दिसते. पोरक्या हॅरीला आईबाप दिसतात, आणि तो रात्रीमागून रात्री तिथे जाऊन बसतो. शेवटी मुख्याध्यापक त्याला हळुवारपणे तिथून उठवतात. मी हिसकावले होते, ते उठवतात. आमच्या मुलाचे वडील तो तिसरीत असताना गेले. आणि नेमके त्या प्रकरणाचे पान दुमडलेले होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तशी मी त्याला बाजूला घेतले, पुस्तक परत दिले, माफी मागितली आणि दुमडलेल्या पानाविषयी, शक्य तितक्या जपून, विचारले. तो गोंधळला.

‘ते म्या नाही दुमडलं गुरुजी. नांदेडच्या रद्दीवाल्याकडून घेतलं, तवाच तसं होतं.’

माझी सगळी रात्र फुकट गेली म्हणायची! मग त्याला काय आवडले होते? बुद्धिबळ, तो म्हणाला. माणसाएवढ्या सोंगट्यांचा जो डाव आहे त्यात हॅरीचा मित्र रॉन स्वतः घोडा होतो, आणि मित्र पुढे जावा म्हणून जाणूनबुजून मार खातो.

‘त्यानं मार खाल्ला म्हणून डाव जिंकला, गुरुजी. हॅरीच्या जादूनं नाही.’

मी दोन महिने ग्रंथालयाच्या खेपा घालून जिथे पोचलो होतो तिथे हा फुले तोडता तोडता कधीच पोचला होता. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. पुस्तक उघडून त्याने शेवटची पाने चाळली आणि विचारले, ‘याचा दुसरा भाग हाय म्हणं. तुम्ही वाचला का?’

मी नाही म्हणालो. नांदेडला गेलो की रद्दीवाल्याकडे बघतो, असे त्याला कबूल केले आहे.