नाव, चेहरा, आवाज : जुन्या गीतदृश्यांतील अनाम कलावंत

बोलपटाच्या आरंभकाळी, १९३१च्या सुमारास, कलकत्त्याच्या मादन थिएटर्सने गाण्यानाचांचे स्वतंत्र लघुबोलपट दाखविले. कोल्हापुरात मात्र गाणे प्रामुख्याने पूर्ण लांबीच्या चित्रपटातच सामावले गेले. पुढे दूरदर्शनच्या ‘छायागीत’सारख्या कार्यक्रमांनी आणि नंतर संगणकीय प्रसाराने ही गीतदृश्ये मूळ चित्रपटांपासून सुटी केली. श्रेयनामावलीपासून तुटलेले असे दृश्य व्यवहारतः लघुपटच ठरते. मग त्यात गाणारी, नाचणारी व्यक्ती कोण, हा प्रश्न उभा राहतो. तो केवळ संग्राहकांच्या कुतूहलाचा नाही. कलेचे कर्तेपण कोणाच्या वाट्याला येते, याचा तो प्रश्न आहे.

ओळखीचा पहिला पुरावा म्हणजे नाव. परंतु नाव ही निरपेक्ष खूण नव्हे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात काढलेल्या ‘सैरंध्री’त (१९२०) गुलाबबाई व अनसूयाबाई या स्त्रिया अनुक्रमे कमलादेवी व सुशीलादेवी झाल्या. ‘बाई’ या प्रत्ययामागे गायिका-नर्तिकांच्या वर्गाचा लौकिक सूचित होत असे. ‘देवी’ने त्यावर पौराणिक प्रतिष्ठेचे आवरण घातले. याउलट ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) तारामतीची भूमिका करणाऱ्या दुर्गा खोटे आपल्या कुलनामासह पडद्यावर आल्या. एकीला नाव बदलून प्रवेश मिळतो, दुसरीचे नावच चित्रपटाला प्रतिष्ठा देते. म्हणजे श्रेयनामावली ही सामाजिक स्थानाचीही वाटणी असते.

दुसरा पुरावा आवाजाचा. १९३५मध्ये न्यू थिएटर्सच्या ‘भाग्यचक्र’पासून पार्श्वगायन रुळू लागले. त्यापूर्वी गाणारा कंठ आणि दिसणारा देह सामान्यतः एकच असे. ‘अयोध्येचा राजा’त संगीतकार गोविंदराव टेंबे स्वतःच हरिश्चंद्र आहेत. या कालखंडापुरता ध्वनिमुद्रिकेवरील आवाज पडद्यावरील देहाची साक्ष देऊ शकतो. पार्श्वगायनानंतर हे अनुमान फसते. मुद्रिकेवरील नावही दगा देऊ शकते : ‘महल’च्या (१९४९) गाजलेल्या गीताच्या आरंभीच्या मुद्रिकांवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. उलट १९०२मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. पडद्यावरील समूहनर्तिकेला अशी संधी कधीच नव्हती.

तिसरा पुरावा चेहरा. येथे ओळख नेहमी कीर्तीकडून मागे जाते. व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’तील (१९५५) समूहनर्तिकांत जयश्री गडकर आज शोधल्या जातात, कारण पुढे ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) त्यांना नाव दिले. त्यांच्या शेजारी त्याच तालावर पाऊल टाकणाऱ्या इतर मुली त्याच चौकटीत असूनही दृष्टीआड राहतात. पाहणारा डोळा परिचितालाच शोधतो.

साधनांची हानी ही अडचण अधिक बिकट करते. १९४८मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातील जयप्रभा स्टुडिओ जळाला; जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मसाठ्यास आग लागली. मूळ फीत नष्ट झाली की स्मृती, पुस्तिका आणि छायाचित्रे यांवरच भिस्त राहते. आणि रिकामी जागा भरण्याचा मोहही वाढतो.

या मोहाचा धोका मोठा आहे. अंदाजाने जोडलेले प्रसिद्ध नाव एका उद्धरणातून दुसऱ्यात जाते आणि थोड्याच काळात प्रमाण होते. अनाम कलावंताचे श्रम त्यामुळे आधीच कीर्तिमान असलेल्या व्यक्तीच्या खाती जमा होतात. विस्मृतीनंतरचा हा दुसरा लोप होय. रोलाँ बार्थच्या ‘लेखकाच्या मृत्यू’ची चर्चा समीक्षेत पुष्कळ झाली, परंतु ज्यांना कर्ता म्हणून जन्मच मिळाला नाही, त्यांच्या बाबतीत ती चर्चा अपुरी ठरते. त्यांच्यासाठी नोंदीची शिस्त हवी : नाव कोठून आले, ते कोणी दिले, आवाज त्याच देहाचा आहे काय, हे प्रत्येक वेळी वेगवेगळे नोंदविले पाहिजे. पुरावा नसेल तेथे मुद्रा, पदन्यास, गायकी यांचे काटेकोर वर्णन करून नावाची जागा मोकळी ठेवावी. पुढे पुरावा सापडलाच, तर त्या स्त्रीचे खरे नाव लिहिण्यास तेथे जागा उरलेली असेल.