कातडी बांधणी आणि हरवलेला बालवाचक : दुर्मिळ सचित्र इंग्रजी बालपुस्तकांच्या संग्रहाची चिकित्सा

बीजसंज्ञा : बालसाहित्य, ग्रंथबांधणी, ग्रंथसंग्रह, सचित्र पुस्तक, बालवाचक

प्रस्तावना

साहित्यकृतीचा विचार करताना आशय, अभिव्यक्ती, शैली यांची चर्चा होते. पुस्तकाची बांधणी मात्र बहुधा चर्चेबाहेर राहते. बांधणी हा बाइंडरचा विषय आहे, समीक्षकाचा नव्हे, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः पुस्तक कोणाच्या हाती पडावे, कोठे ठेवावे आणि कसे हाताळावे, हे सर्वांत आधी बांधणीच सांगते. रुमालात गुंडाळलेली पोथी हात धुऊन सोडावी, हे मराठी घरात कोणाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. बालसाहित्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. येथे लिहिणारा, छापणारा आणि विकत घेणारा प्रौढ असतो. वाचणारे तेवढे मूल असते.

जुनी सचित्र बालपुस्तके उत्तम कातडी बांधणीत मिळवणे व जपणे हा इंग्लंड-अमेरिकेतील ग्रंथसंग्रहाचा एक प्रतिष्ठित प्रकार आहे. मोरोक्को म्हणजे कमावलेले बकऱ्याचे कातडे, वासराचे मऊ कातडे किंवा व्हेलम, पाठीवर सोनेरी वर्खाची अक्षरे, सोनेरी कडा आणि आत रंगीत चित्रे, असे त्याचे रूप असते. प्रस्तुत लेखात या संग्रहवृत्तीची चिकित्सा केली आहे. कातडी बांधणी पुस्तकाला टिकवते, हे तिच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. परंतु मागाहून चढवलेली कातडी बांधणी पुस्तक टिकवताना त्याचा बालवाचकाशी असलेला संबंध बहुधा पुसून टाकते, असे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

मुलासाठी केलेली बांधणी

इंग्रजी बालपुस्तकाच्या व्यवसायाचा आरंभ सामान्यतः जॉन न्यूबेरी या लंडनच्या प्रकाशकापासून मानला जातो. त्याचे ‘अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक’ १७४४ मध्ये निघाले. नुसत्या पुस्तकाची किंमत सहा पेन्स होती. मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्या टोचण्याची गादी बरोबर घेतल्यास आठ पेन्स पडत. पुस्तक आणि खेळणे एकाच व्यवहारात विकले जात होते, ही बाब लक्षणीय आहे. या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. मुलांच्या खिशात आणि हातात वावरलेली पुस्तके अशीच संपतात. एका अर्थाने हा नाश त्यांच्या यशाचा पुरावा आहे.

बांधणीचा जाणीवपूर्वक विचार पाहायचा तर लुइस कॅरल याच्या ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’कडे वळावे लागते. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेशी पत्रव्यवहार करताना कॅरलने कापडी बांधणीसाठी भडक लाल रंगाचा आग्रह धरला. मुलांच्या डोळ्यांना तोच रंग अधिक भुरळ घालील, असे त्याचे कारण होते. पुढल्या पुठ्ठ्यावर सोनेरी वर्तुळात डुकराचे पिल्लू घेतलेली ॲलिस आणि मागल्या पुठ्ठ्यावर चेशायर मांजर अशी योजना झाली. म्हणजे कथेत प्रवेश करण्यापूर्वीच कथेतील पात्रे मुलाला भेटत. येथे बांधणी हा संहितेचाच पहिला भाग आहे.

याच पुस्तकाच्या १८६५ मधील पहिल्या छपाईची कथा बोलकी आहे. छापलेल्या २००० प्रतींच्या दर्जाबद्दल चित्रकार जॉन टेनियल यांनी असमाधान व्यक्त केल्याने ती छपाई मागे घेण्यात आली, आणि परत आलेल्या प्रती कॅरलने रुग्णालयांना देऊन टाकल्या. त्या छपाईच्या पंचवीसहून कमी प्रती आज ज्ञात आहेत आणि त्या जगातील अत्यंत महागड्या बालपुस्तकांत मोडतात. आजारी मुलांचा वेळ जावा म्हणून दिलेली सदोष प्रत ही आज लिलावातील सर्वोच्च वस्तू ठरावी, यातच संग्रहाच्या जगाचा अंतर्विरोध सामावलेला आहे.

बिएट्रिक्स पॉटर हिचे उदाहरणही याच दिशेने जाते. ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’च्या २५० प्रती तिने डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने छापून घेतल्या, १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले. लहान हातांत मावेल असा लहान आकार आणि परवडेल अशी किंमत, या दोन्हींविषयी ती आग्रही होती. अर्थात यातून कापडी बांधणी म्हणजे सर्व मुलांची बांधणी, असा निष्कर्ष काढता येणार नाही. साडेसात शिलिंगांची ‘ॲलिस’ श्रमिकाच्या घरी पोहोचणारी नव्हती. परंतु ज्या घरी ती पोहोचे, तेथे ती मुलासाठी पोहोचे, एवढे निश्चित म्हणता येते.

भेटपुस्तकांचा काळ

विसाव्या शतकाच्या प्रारंभी चित्र बदलले. रंगीत छायामुद्रणाचे तंत्र सुधारल्याने जलरंगातील सूक्ष्म छटा गुळगुळीत कागदावर छापता येऊ लागल्या. ही चित्रे वेगळी छापून जाड कागदावर चिकटवली जात आणि त्यांच्यावर पातळ संरक्षक कागद असे. आर्थर रॅकहॅम, एडमंड ड्युलॅक व काय नीलसन हे या काळाचे प्रमुख चित्रकार होत. रॅकहॅमच्या ‘रिप व्हॅन विंकल’ (१९०५) मध्ये ५१ रंगीत चित्रे होती. त्याच वर्षी लंडनच्या लेस्टर गॅलरीजमध्ये त्यांच्या मूळ चित्रांचे प्रदर्शन भरले. पुस्तक, प्रदर्शन आणि चित्रविक्री ही साखळी येथून रूढ झाली.

१९०६ मधील ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’ हे या संदर्भात मार्मिक उदाहरण ठरते. जे. एम. बॅरी याची ही प्रकरणे मुळात ‘द लिटल व्हाइट बर्ड’ (१९०२) या प्रौढांसाठीच्या कादंबरीतील होत. त्यांना रॅकहॅमची ५० रंगीत चित्रे जोडली गेली. सर्वसाधारण आवृत्ती कापडी बांधणीची होती. तिच्यासोबत चित्रकाराच्या स्वाक्षरीच्या ५०० मर्यादित प्रती व्हेलममध्ये, सोनेरी मुद्रेसह व रेशमी बंदांसह काढण्यात आल्या. मुखचित्र वगळता बाकीची चित्रे मजकुरासोबत नव्हती. ती पुस्तकाच्या शेवटी एकत्र लावलेली होती. गोष्ट ऐकताना चित्र पाहणे ही बालवाचनाची स्वाभाविक रीत येथे मोडते आणि चित्रे स्वतंत्रपणे न्याहाळण्याचा संग्रह बनतात. मोठे न होणाऱ्या मुलाची कथा प्रौढांच्या दिवाणखान्यासाठी बांधली गेली, असेच म्हणावे लागते.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. या मर्यादित प्रतींचे व्हेलम हे प्रकाशकाने त्याच वेळी केलेले आहे. ते त्या पुस्तकाच्या इतिहासाचा अस्सल भाग आहे. बालपुस्तकाचा ग्राहक कसा बदलत होता, हे त्यावरून कळते. म्हणून संग्राहकाने ते जपणे समर्थनीय ठरते. प्रश्न उद्भवतो तो मागाहून चढवलेल्या कातड्याचा.

मागाहून चढवलेले कातडे

बाथ येथील बेंटन (स्थापना १८९४) आणि लंडनमधील सँगॉर्स्की अँड सटक्लिफ (१९०१) या बांधणीशाळांचे कारागिरीतील स्थान निर्विवाद आहे. मूळ कापडी बांधणी उतरवून जुन्या पुस्तकांना पूर्ण मोरोक्को चढवणे हे अशा बांधणीशाळांचे एक नेहमीचे काम राहिले. बालपुस्तकांच्या बाबतीत पुठ्ठ्यावर रंगीत कातड्याचे तुकडे बसवून कथेतील पात्रे साकारली जातात. ‘ॲलिस’ची अशी कितीतरी रूपे पाहावयास मिळतात. कारागिरी म्हणून ती मोहक आहेत. पण ग्रंथ म्हणून त्यांचा विचार केल्यास काय गमावले, याचा हिशेब मांडावा लागतो.

पहिली हानी मूळ पुठ्ठ्याची. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये निळ्या कापडात, सोनेरी चित्रासह निघाले. त्यातील काही चित्रे त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत. तेच १८६५ पासून दहा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. अशा पुस्तकाचे निळे कापड उतरले की लेखन, चित्र आणि वेष्टन यांचा मूळ मेळ तुटतो. जाणकार बांधणीकार जुने पुठ्ठ्याचे कापड नव्या बांधणीत शेवटी जोडून ठेवतात. ही प्रथा म्हणजे काही मौल्यवान गोष्ट काढली गेली, याची त्यांनीच दिलेली कबुली होय.

दुसरी हानी पानांची. कडा सारख्या करताना समास कापले जातात, शेवटच्या जाहिरातींची पाने गळतात, अस्तराचे कागद बदलतात. या अस्तरावरच मुलाचे नाव, वाढदिवसाची तारीख, आजीने दिलेला आशीर्वाद किंवा पेन्सिलीची वेडीवाकडी रेघ असते. विक्रेत्याच्या भाषेत हे दोष ठरतात. बालसाहित्याच्या अभ्यासकाला मात्र वाचकाची एवढीच साक्ष उपलब्ध असते. मूल समीक्षा लिहीत नाही; ते पान दुमडते, रंगवते, फाडते. ती खूण धुऊन काढली की त्या प्रतीचा वाचक इतिहासातून नाहीसा होतो.

तिसरी बाब टिकाऊपणाची. कातडे म्हणजे चिरंतन, हा समज पूर्णतः खरा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बरीच कातडी बांधणी कमावण्याच्या सदोष पद्धतींमुळे आणि धूर व दिव्यांच्या वायूतील गंधकाच्या संयुगांमुळे भुगा होऊ लागली होती. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने याच प्रश्नासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी समिती नेमली होती. त्यामुळे टिकाऊपणाचा युक्तिवाद कातड्याच्या प्रकारानुसार आणि ठेवण्याच्या जागेनुसार तपासून घ्यावा लागतो.

प्रतिपक्षाचा विचार

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, पाठ तुटलेली, फर्मे सुटलेली प्रत पुन्हा बांधली नसती तर ती रद्दीतच गेली असती. या आक्षेपात तथ्य आहे. मोडकळीस आलेल्या प्रतीला नवे कातडे देणे हा उपचार आहे. परंतु धडधाकट प्रतीचे कापड केवळ कपाटाच्या शोभेसाठी उतरवणे यास उपचार म्हणता येत नाही. बाजाराचा कौलही येथे सूचक आहे : चोखंदळ संग्राहक सामान्यतः मूळ बांधणीच्या चांगल्या प्रतीलाच अधिक मोल देतात.

दुसरा आक्षेप असा की, कातडे आणि बालकथा यांचे नाते जुनेच आहे. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात शार्ल पेरो याच्या परीकथांचे १६९५ मधील हस्तलिखित आहे. ते लाल मोरोक्कोत बांधलेले असून त्यावर चौदाव्या लुईच्या पुतणीचे राजचिन्ह आहे. हस्तलिखित तिलाच अर्पण केलेले होते. हा आक्षेप प्रस्तुत प्रतिपादनास छेद देत नाही. तेथील कातडे त्या कथांचा पहिला वाचक कोण, हे सांगते. त्या कथा दरबारातून आल्या, याचा तो दस्तऐवज आहे. म्हणजेच कातडे स्वतः दोषी नाही. ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी चढवले, हा निकष महत्त्वाचा आहे.

संग्रहाची दुसरी वाट

संग्रह करणे आणि बालवाचकाला विसरणे हे एकमेकांना जोडलेलेच असते असे नाही. डर्बीशायरचे ग्रंथपाल एडगर ऑसबोर्न यांनी पत्नीसह जमवलेली सुमारे २००० बालपुस्तके १९४९ मध्ये टोरंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली. तेथील बालविभागाचे काम पाहून ते प्रभावित झाले होते. आयोना व पीटर ओपी या दांपत्याचा सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आला. मैदानावरील मुलांची गाणी आणि खेळ ज्यांनी नोंदवून ठेवले, त्याच अभ्यासकांनी ही पुस्तके जमवली, हे विसरता येत नाही. त्यांच्या दृष्टीने स्वस्त, फाटकी, हाताळलेली प्रतही पुरावा होती. शोभेचा संग्रह आणि ज्ञानाचा संग्रह यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न परका नाही. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या ‘आनंद’सारख्या मासिकांचे जुने अंक ग्रंथालयांत बांधीव खंडांच्या रूपाने जपले जातात. येथे मोरोक्को नसतो, रेक्झिन किंवा साधे कापड असते. परंतु बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून कडा छाटण्याची सवय अनेकदा तीच असते. परिणामी मजकूर उरतो. अंक मुलाच्या हाती कोणत्या रूपात आला, त्याची किंमत काय होती, त्यावर कोणते चित्र होते, हे कळेनासे होते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी बांधणीस अंक पाठवताना मुखपृष्ठासह व समास न छाटता बांधण्याची लेखी सूचना दिली, तरी पुढील संशोधकांची मोठी सोय होईल.

निष्कर्ष

१. बांधणी हा बालपुस्तकाच्या अर्थाचा घटक आहे. ‘ॲलिस’चे लाल कापड आणि पॉटरचा लहान आकार हे लेखकांचेच निर्णय होते.

२. प्रकाशकाची मूळ कातडी बांधणी आणि मागाहून चढवलेली बांधणी यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिली इतिहासाचा पुरावा असते, दुसरी बहुधा तो पुरावा झाकते.

३. मुलांच्या हाताळणीच्या खुणा हे प्रतीचे वैगुण्य नसून बालवाचकाच्या इतिहासाचे साधन आहे.

४. जीर्ण प्रतीची दुरुस्ती समर्थनीय आहे. मात्र काढलेले कापड, अस्तर व जाहिराती त्याच प्रतीसोबत जपल्या पाहिजेत.

सोनेरी पाठीचे पुस्तक कपाटात शोभून दिसते, यात शंका नाही. परंतु बालसाहित्याच्या अभ्यासकाने त्या पाठीवरील अक्षरांबरोबरच आतील अस्तरावर पेन्सिलीने लिहिलेले नाव शिल्लक आहे का, हेही पाहावयास हवे.